धुराड्याची तीन मिनिटं

नवी मोटर सोमवारी बसली आणि मंगळवारी दुपारी बाबांनी तुरुंगासमोर छाती फुगवून सांगितलं, "मंडळी, या शहरातली निम्मी माणसं इथं जन्माला आली!"

लाँचमधल्या सगळ्यांनी गजांच्या खिडक्यांकडे बघितलं, मग एकमेकांकडे. प्रसूतिगृह केव्हाच मागे पडलं होतं.

चूक बाबांची नव्हती. म्हणजे असं बाबांचं म्हणणं. गेली चाळीस वर्षं ते लाँचच्या पुढच्या टोकाला उभं राहून, पाण्याकडे पाठ आणि प्रवाशांकडे तोंड करून माइकवर शहर सांगत आलेत. मागे वळून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही, आणि बोलताना त्यांची नजर प्रवाशांच्या चेहऱ्यांवरून हलत नाही. जुन्या डिझेल इंजिनाला घरात 'म्हातारा' म्हणायचे. म्हातारा वळणावर दोनदा खोकला की प्रसूतिगृह. त्याचा आवाज बसला की तुरुंग. अख्ख्या तळ्याला फेरी मारायला तो सत्तर मिनिटं घ्यायचा आणि आजोबांनी रचलेलं, बाबांनी वाढवलेलं भाषण बरोब्बर सत्तर मिनिटांचं होतं. मग नगरपालिकेनं तळ्यावर डिझेल बंद केलं. नवी विजेची मोटर खोकत नाही, आवाज करत नाही, आणि चाळीस मिनिटांत फेरी उरकते.

म्हणून बुधवारी एक वाजता सगळं घर धक्क्यावरच्या तिकिटाच्या खोलीत जमलं होतं. चार वाजता नगरपालिकेच्या पाहणीवाल्या बाई येणार होत्या. चाळीस मिनिटांत सांगणं आणि दिसणं जुळलं तर परवाना. नाही तर पालिकेची पेटी. पेटी म्हणजे बिस्किटाच्या डब्याएवढा एक डबा, त्यात आवाज भरलेला. "आपल्या उजव्या हाताला" असं तो डबा म्हणतो, आणि पुढे जे सांगतो ते असं, की माणसानं उजवा हात खिशात घालावा.

"पेटी आली तर मी घरी बसेन," बाबा म्हणाले.

"बसा की, वय झालं," आत्या म्हणाली. आत्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि अजून तिकिटाच्या खिडकीत.

धाकटी लेक दाराला टेकून उभी होती. लाँचचं चाक गेली बारा वर्षं तिच्या हातात आहे. शाळा तिनं सोडली की शाळेनं तिला, यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. पण सुटल्यावर तिनं सरळ चाक धरलं ते धरलंच. सकाळपासून तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: बाबांचा माइक जाणारच असेल, तर तो डब्याकडे का जावा? ती काय मेली होती?

"मी बोलते," ती म्हणाली.

"तू बोलत नाहीस, भांडतेस," बाबा म्हणाले. "वाच गं सूनबाई."

वहिनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. कुठल्याही गोष्टीचा नमुना घेऊन त्यावर चिठ्ठी चिकटवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिनं बाबांचं भाषण फोनमध्ये भरून घेतलं होतं आणि स्टॉपवॉच लावून त्याचे तुकडे केले होते.

"पाण्याची टाकी, दोन मिनिटं पन्नास सेकंद," तिनं वाचायला सुरुवात केली.

टाकीची गोष्ट अशी, की ती डोळ्यांना खुपते म्हणून शहरानं मतदान घेतलं आणि तिला आकाशी रंग लावला. तेव्हापासून 'टाकीपासून डावीकडे' असा पत्ता सांगितला तर पाहुणे ढगाळ दिवसाची वाट बघतात.

"दीपगृह, चार मिनिटं दहा."

दीपगृह बांधलं तेव्हा कुणी विचारच केला नव्हता की तळं केवढं, दिवा केवढा. पहिल्याच आठवड्यात झोत समोरच्या काठावरच्या झोपायच्या खोल्यांत शिरायला लागला. लोकांनी मोर्चा काढला. शेवटी काचेची एक बाजू काळी केली. अजून काळीच आहे.

"दादा पाण्यात पडतो. दोन मिनिटं."

"ते काढा," दादा लगेच म्हणाला. "मी एकोणचाळीस वर्षांचा आहे. काल बँकेतला माणूस मला म्हणाला, ते चड्डीवाले तुम्हीच का?"

"सगळ्यात जास्त लोक त्यालाच हसतात," बाबा म्हणाले.

"म्हणूनच काढा! नाही तर सरळ पेटी बसवा. मी बसवून देतो, चार स्क्रू आहेत."

"चड्डीला एक बटण नव्हतं, तेव्हा कुठे गेले होते तुझे स्क्रू?" आत्या म्हणाली, आणि वहिनी स्टॉपवॉचच्या आड हसली. दादानं बायकोकडे अशी नजर टाकली की हे लक्षात ठेवीन.

"बर्फाचा कारखाना. आत्यांचं लग्न. साडेचार मिनिटं."

"आधी ते काढा," आत्या म्हणाली. "दिवसातून सहा वेळा पाण्यावरून माझं लग्न ऐकू येतं. भाजीवालीसुद्धा मला विचारते, हात एवढे गार होते का हो त्यांचे?"

आत्याचे यजमान बर्फाच्या कारखान्यात होते. मुलगी बघायला आले तेव्हा आजोबांनी हात मिळवला आणि घरात येऊन सांगितलं, माणूस थंड डोक्याचा दिसतो. एवढ्यावर लग्न ठरलं. तसे ते तापट निघाले. पण चांगले होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

"काढते," म्हणून वहिनीनं पेन्सिलीनं रेघ मारली.

आत्या त्या रेघेकडे बघत राहिली. "सगळंच काढायला नको," ती म्हणाली. "हाताचं ठेव."

"आत्या, आत्ताच तर म्हणालीस..." धाकटी म्हणाली.

"म्हणाले. हाताचं ठेव. दादाचं काढ."

वहिनीनं खोडरबर घेतलं. दादा म्हणाला, "हो हो, माझं काढ," आणि अर्ध्या मिनिटापूर्वी भांडणारे दोघं एका बाजूला झाले. धाकटी सगळं मोजत होती. टाकी होती, दिवा होता, दादाची चड्डी होती, म्हाताऱ्या इंजिनाचा खोकलासुद्धा होता. सत्तर मिनिटांत ती स्वतः कुठेच नव्हती. हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं, आणि आलं तसं ते डोक्यात गेलं.

"यात मी कुठे आहे?" तिनं विचारलं.

बाबांनी खरंच विचार केला. "तू कधी पाण्यात पडली नाहीस," ते म्हणाले. "तुझं काय सांगू?"

धाकटी उत्तर देणार होती. ते काही चांगलं उत्तर झालं नसतं. पण तेवढ्यात वहिनीनं पुढची ओळ वाचली.

"दोराच्या गिरणीचं धुराडं. तीन मिनिटं."

या शहरानं समुद्र कधी बघितला नाही, पण लांबलांबच्या समुद्रांवरच्या जहाजांचे दोर इथं वळले जायचे. अजूनही इथल्या म्हाताऱ्यांना बुटाची नाडी बांधायला सांगा, नांगराची गाठ मारून देतील. त्या गिरणीचं ऐंशी मीटरचं धुराडं. 'मान वर करा मंडळी, टोपी सांभाळा,' इथून सुरुवात करून बाबा ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याच्या नाकात काजळी जावी.

अडचण एवढीच होती, की धुराडं चार वर्षांपूर्वी पाडलं होतं.

बाबा त्या आठवड्यात तापानं फणफणले होते. बरे होऊन लाँचवर आले, पाण्याकडे पाठ केली आणि म्हणाले, मान वर करा मंडळी. मंडळींनी केली. माणसं सभ्य असतात. आपल्यालाच दिसत नसेल असं त्यांना वाटतं. गावातलं कुणी लाँचमध्ये बसत नाही, मधल्या टेकडीमुळे धक्क्यावरून धुराडं कधी दिसतच नव्हतं, आणि बाबा गिरणीकडच्या उत्तरेच्या काठाला शेवटचे गेले ते दादाच्या लग्नाचा कोट शिवायला. पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं. आठवड्यानं अवघड झालं. वर्षानं अशक्य.

"ते काढू या," दादा म्हणाला.

"काढू या," आत्या म्हणाली.

"मलाही वाटतं काढावं," वहिनी म्हणाली.

"काढा," धाकटी म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एकेकाकडे बघितलं.

"एकमत?" ते म्हणाले. "या घरात? परवा आंघोळीच्या साबणावरून तीन दिवस मतदान चाललं होतं."

वहिनी पेन्सिलीला टोक करायला लागली.

"म्हणजे तुम्हाला ते कंटाळवाणं वाटतं. ठीक आहे. दुसरं काय काढायचं ते काढा, धुराडं राहील. उलट दोन वाक्यं वाढवतो."

धाकटीनं तोंड उघडलं. आत्यानं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तिचं तोंड मिटलं.

चार वाजता पाहणीवाल्या बाई आल्या. उंच, केस घट्ट बांधलेले, मांडीवर फाइल. पुढच्याच बाकावर बसल्या आणि फोनवर घड्याळ लावलं. मागे तीसेक प्रवासी. आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा तिकिटाची खिडकी बंद केली आणि तीही चढली. दादा मोटरजवळ, वहिनी त्याच्याजवळ, दोघांचं भांडण तात्पुरतं तहकूब.

सुरुवात छान झाली. कापलेलं भाषण बाबांनी घोटून ठेवलं होतं. "हे शहर मोठं नाही आणि लहानही नाही," ते म्हणाले. "लहान म्हटलं तर नगराध्यक्ष रागावतात, मोठं म्हटलं तर आम्हालाच हसू येतं." बाई हसल्या नाहीत, पण त्यांचं पेन थांबलं. प्रसूतिगृह प्रसूतिगृहासमोर आलं. तुरुंग तुरुंगासमोर. टाकी आकाशातून शोधून काढावी लागली, पण ती नेहमीच लागते. दीपगृहाजवळ बाबांना राहवलं नाही आणि त्यांनी मोर्च्यातल्या घोषणा म्हणून दाखवल्या. कापलेल्या होत्या त्या! धाकटीनं शिव्या गिळत वेग थोडा कमी केला. तिला बाबांच्या खांद्यावरून पुढचं वळण दिसत होतं. बाबांना दिसत नव्हतं.

वळण आलं.

"आणि आता," बाबांनी हात वर केला, "मान वर करा मंडळी, टोपी सांभाळा!"

तीस माना वर गेल्या. बाईंचीही गेली. इथं, तिथं, परत इथं.

"कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"हे काय, माझ्या मागे."

"तुमच्या मागे आठ मजली इमारत आहे. चादरी वाळत घातल्यात."

बाबा हसले. माइकमधून सगळ्या तळ्यावर हसले. बायकांना दिशा कळत नाहीत अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलेलं धाकटीला दिसलं. मग ते वळले.

त्यांची मान मागून कशी दिसते हे तीस प्रवाशांना पहिल्यांदाच कळलं. धाकटीला आता त्यांचा चेहरा दिसत नव्हता. माइक चालू होता, त्यामुळे फक्त श्वास ऐकू येत होता, सगळ्या काठांवर.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं झाली," धाकटी म्हणाली. "बाबा, माइक चालू आहे."

"असू दे. ताई, तुला माहीत होतं?"

"मी सांगणारच होते," आत्या म्हणाली. "पण तू इतकं छान सांगायचास, मलाच वाटायचं अजून आहे म्हणून."

"दादा?"

दादा मोटरीत काहीतरी शोधायला लागला. नव्या मोटरीत शोधण्यासारखं काहीच नसतं.

"चार वर्षं," बाबा माइकला म्हणाले. "दिवसातून सहा वेळा. लोकांना मान वर करायला लावत होतो." मग एकदम, "अजून काय काय नाहीये?"

"बाकी सगळं आहे," धाकटी म्हणाली.

"बर्फाचा कारखाना?"

"आहे. आत आता बॅडमिंटन खेळतात."

"आत्याचे यजमान काम करायचे तिथं?"

"गारवा असतो म्हणे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी त्या दिशेला बघितलंसुद्धा नाही. ते सरळ चाकापाशी आले. "सरक."

"बाबा, बारा वर्षांत तुम्ही चाकाला हात लावलेला नाही."

"तुझे आजोबा बोलायचे तेव्हा मीच लावत होतो. परवाना अजून खिशात आहे. सरक म्हटलं ना, मला बघू दे." चाकाला दोन हात लागतात, म्हणून त्यांनी माइक तिच्या हातात कोंबला.

धाकटीनं तो धरला. वर्षानुवर्षं हवा होता आणि आता तो गरम होता, बाबांच्या तळव्यानं ओला होता. ती चाकाशेजारीच उभी राहिली, तोंड पाण्याकडे.

"वक्त्यानं प्रवाशांकडे तोंड करायचं असतं," बाई म्हणाल्या.

"माझं तोंड कशाला बघायचंय? समोर बघा," धाकटी म्हणाली, आणि ते तळ्यावर घुमलं. मग ती बोलायला लागली, कारण एवढं बोलल्यावर थांबणं बरं दिसलं नसतं.

"धुराडं इथंच होतं. जिथं ती गुलाबी चादर आहे तिथं. सकाळी दहाला पाडणार म्हणून सांगितलं होतं, लोक आठपासून आले. गिरणीत काम केलेल्या बायकांना पुढे खुर्च्या दिल्या होत्या. साहेब लोक भाषणाला उठले की सगळे उठायचे, त्या बायका उठल्या नाहीत. एक म्हणाली, इथं तीस वर्षं उभंच राहिलोय, आज बसून बघू दे. दहाला बार उडाला आणि धुराडं हललंसुद्धा नाही. सगळे इंजिनियर कागद बघायला लागले. त्या बायका हसल्या, पण असल्या हसल्या! अकराला दुसरा बार. तेव्हा ते पडलं नाही, बसलं. गुडघे दुखल्यासारखं, खालच्या खाली. धूळ पाण्यावरून आली. मी लाँच बंद करून इथंच उभी होते, केस पांढरे झाले माझे. घरी गेले तर आत्या म्हणाली, कुठल्या पिठाच्या गिरणीत काम धरलंस?"

लोक हसत होते. लाँच जवळजवळ थांबली होती. बाबा चाक धरून, मान वर करून, चादरींचा एकेक मजला बघत होते.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"माइक तुमच्याकडे होता."

बाबांनी वेग वाढवला. थोडं पुढे गेल्यावर बोटानं दाखवलं, "ते पिवळं काय आहे?" आणि तिनं सांगितलं, ती शाळेची होडी, पलीकडच्या पोरांना आणते, उशीर झाला की पोरं मुद्दाम हळू वल्हवायला सांगतात. "आणि तो पूल कधी झाला?" तिनं सांगितलं. बर्फाच्या कारखान्याशी आत्या उठून तिच्याजवळ आली आणि कानात म्हणाली, हाताचं विसरू नकोस. ती विसरली नाही. फक्त तिनं शेवटी घातलं, की ते तापट होते, आणि गार हातांनी आत्याचं डोकं दाबून द्यायचे. हे बाबांच्या भाषणात कधीच नव्हतं. आत्या तिकिटाचं पुस्तक उगाच चाळत बसली.

धक्का लागला तेव्हा बाईंनी घड्याळ थांबवलं. "चाळीसच्या जागी त्रेपन्न मिनिटं."

"शहर जास्त निघालं," बाबा म्हणाले. "मी काय करू?"

"नियमानं पेटी बसवायला हवी."

"बसवा."

बाई हलल्या नाहीत. फाइलमधून त्यांनी एक कागद काढला, वाचला, आणि त्यांच्या घट्ट बांधलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी सुटलं. "पेटीतही धुराडं आहे," त्या म्हणाल्या. "उजव्या हाताला, ऐंशी मीटर. आमच्या खात्यानं मजकूर तुमच्याच बोलण्यावरून उतरवून घेतला होता."

दादाला एवढं हसू आलं की वहिनीनं त्याला चिमटा काढला, आणि तो तिच्याशी परत बोलायला लागला.

"तीन महिन्यांचा परवाना देते," बाई म्हणाल्या. "तोवर चाळीसात बसवा." त्यांनी पेन उघडलं. "वक्त्याचं नाव?"

बाबांनी कागदाकडे बघितलं. चाळीस वर्षं त्या रकान्यात एकच नाव होतं. धाकटी माइकची वायर गुंडाळत होती, फारच मन लावून.

"तिचं लिहा," बाबा म्हणाले.

"अनुभव?"

"बारा वर्षं."

"बोलण्याचा?"

"बघण्याचा. बोलायचं मी शिकवीन."

"काही गरज नाही," धाकटी म्हणाली.

"बघितलंत? भांडते," बाबा बाईंना म्हणाले, आणि परत चाकापाशी जाऊन बसले. पाचच्या फेरीचे प्रवासी चढायला लागले होते. आत्या खिडकी उघडायला धावली. बाईंनी चालकाच्या रकान्यावर पेन टेकवून नाव विचारलं, तर बाबा दादाला दोर सोडायची खूण करत होते.

"माझंच लिहा, पण लवकर लिहा," ते म्हणाले. "दक्षिणेचा काठ मघाशी नीट बघून झालेला नाही."